रेडिऑन आरएक्स ६६०० लिनक्सवर: कार्ड गुणी, भानगड जुन्या कार्डाच्या पसाऱ्याची

लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी मध्यम बजेटचं, ड्रायव्हरची कटकट नसलेलं कार्ड कोणतं, या प्रश्नाला एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६०० हे आजही चांगलं उत्तर आहे. तरीही ‘नवीन कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी’ ही तक्रार या कार्डाच्या नावावर नेहमी ऐकू येते. तक्रार करणारे बहुतेक जण जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय किंवा १०६० अशा एनव्हीडियाच्या कार्डावरून आलेले असतात, आणि त्यांच्या मशीनमध्ये जुनं कार्ड निघालेलं असलं तरी त्याची सगळी व्यवस्था जागच्या जागी असते. म्हणून हा रिव्ह्यू कार्डाचा आहे, तितकाच कार्ड बदलण्याच्या कामाचाही आहे.

अदलाबदलीचं प्रमाण सध्या वाढण्यामागे एक सरळ कारण आहे. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही एनव्हीडियाच्या लिनक्स ड्रायव्हरची शेवटची शाखा असल्याचं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. ७५० टीआय, ९७०, १०५० टीआय, १०६० ही सगळी मंडळी त्यात आली. केप्लर पिढीचे लोक तर ४७० शाखेवर आधीच अडकलेले आहेत, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) नवीन आला की तो जुना ड्रायव्हर कंपाइल होताना मान टाकतो.

कार्ड काय आहे

ऑक्टोबर २०२१ मध्ये ३२९ डॉलर किमतीला हे बाजारात आलं. नावी २३ चिप, आरडीएनए २ रचना, २८ कंप्यूट युनिट, १२८ बिट बसवर ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी आणि ३२ एमबी इन्फिनिटी कॅश. १०८०पी गेमिंगला निर्धास्त, १४४०पीला सेटिंग थोडी उतरवून. व्हिडिओत एच.२६४ आणि एचईव्हीसीचं डीकोड-एन्कोड दोन्ही हार्डवेअरवर होतं; एव्ही१चं फक्त डीकोड होतं, एन्कोड नाही.

कार्ड १३२ वॅट खातं आणि एकच ८ पिनचं कनेक्टर मागतं. एएमडीची शिफारस ४५० वॅटच्या एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) आहे. १०५० टीआयवाल्यांनी इथे थांबून कॅबिनेट उघडावं. ते कार्ड ७५ वॅटचं, त्याची बहुतेक मॉडेल्स स्लॉटमधूनच वीज घेत होती, त्यामुळे त्यांच्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची वायर असेलच असं नाही. वायर नाही म्हणून मदरबोर्डच्या प्रोसेसरची ४+४ पिनची वायर तिथे कोंबू नका. ती दिसायला सारखी असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते त्यासाठीच. जोर लावून बसवलीत तर कार्ड जळू शकतं. मोलेक्समधून ८ पिन काढणारे स्वस्त कन्व्हर्टरही टाळलेले बरे. वायर नसलेला एसएमपीएस बहुधा बदलायच्याच वयाचा झालेला असतो.

स्लॉट पूर्ण लांबीचा असला तरी कार्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.०च्या आठच लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) वापरतं. ३.० बोर्डावर त्याच आठ लेन निम्म्या वेगाने चालतात, आणि डेस्कटॉपवर किंवा १०८०पी गेमिंगमध्ये ते फारसं जाणवत नाही. थोडे पैसे वाचवायला आरएक्स ६५०० एक्सटी किंवा ६४०० घेऊ पाहणाऱ्यांना मात्र स्पष्ट नाही म्हणावं लागेल. त्यांना चारच लेन आहेत, आणि व्हिडिओ एन्कोडर मुळातच नाही. जुन्या ३.० बोर्डावर त्या चार लेनचा फटका चांगलाच बसतो.

पोर्ट साधारणपणे एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट १.४. डीव्हीआय नाही, व्हीजीए तर नाहीच. यातून उपटणाऱ्या अडचणींकडे पुढे येऊच, कारण ‘लिनक्सचा प्रॉब्लेम’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत अॅडॅप्टरचा वाटा मोठा आहे.

ड्रायव्हर आणायचा कुठून? कुठूनच नाही

एनव्हीडियाची सवय असलेला माणूस नवीन कार्ड बसवल्यावर पहिल्यांदा कंपनीच्या साइटवर जाऊन ड्रायव्हर उतरवतो. इथे ते करू नका. डिस्प्ले, थ्रीडी आणि व्हिडिओ यांना लागणारं सगळं आधीच तुमच्या डिस्ट्रोत (उबुंटू, मिंट अशा लिनक्सच्या आवृत्तीत) आहे: कर्नलमधला एएमडीजीपीयू ड्रायव्हर, त्याच्या फर्मवेअर फाइली, आणि मेसा हा खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच, म्हणजे ओपनजीएल आणि व्हल्कन या थ्रीडीच्या दोन पद्धतींपैकी पहिलीसाठी रेडिऑनएसआय व दुसरीसाठी आरएडीव्ही. एएमडीच्या साइटवरचं ‘एएमडीजीपीयू-इन्स्टॉल’ हे पॅकेज ठरावीक उबुंटू, रेड हॅट आणि सुसे आवृत्त्यांसाठी असतं. ते मिंटवर किंवा नव्या कर्नलवर चढवलं की डीकेएमएस मॉड्यूल (कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागणारा ड्रायव्हर) तुटतं आणि चालू असलेली स्क्रीन बंद पडते. एएमडीचा स्वतःचा एएमडीव्हीएलके हा व्हल्कन ड्रायव्हरही नको. कंपनीने २०२५ मध्ये तो थांबवून आरएडीव्हीलाच पाठिंबा दिला आहे. तो आधीपासून पडून असेल तर एखादा गेम नेमका तोच उचलतो आणि अडखळतो.

ड्रायव्हर कर्नलसोबत सही होऊन येतो, म्हणून सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असलं तरी निळ्या स्क्रीनवर किल्ली नोंदवण्याचा सोहळा नाही. कर्नल अपडेट झाला की मॉड्यूल पुन्हा बांधण्याची वाट पाहणं नाही. हा या कार्डाचा खरा फायदा, आणि तो एफपीएसच्या आलेखात दिसत नाही.

अट एकच, सिस्टीम फार जुनी नको. या चिपला, कर्नलच्या भाषेत ‘डिमग्रे केव्हफिश’ला, कर्नल ५.११पासून आधार मिळाला. उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ यांचा कर्नल ५.१५, उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ यांचा ६.८, डेबियन १२चा ६.१, हे सगळे चालतील. डेबियन ११ (कर्नल ५.१०) किंवा मूळ ५.४ कर्नलवरच राहिलेलं मिंट २० यांवर हे कार्ड ओळखलंच जाणार नाही. तिथे कार्ड बदलण्याआधी, जुन्या कार्डावरच, सिस्टीम अपग्रेड करा. डेबियन १२च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर आहे, पण जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आलेल्यांच्या सोर्स यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग बहुधा नसतो. तो घालून ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ टाकून घ्यावं लागतं.

जुनं कार्ड काढण्याआधीचा अर्धा तास

सगळी साफसफाई जुनं कार्ड जागेवर असताना करा. तेव्हा स्क्रीन दिसत असते, हा साधा मुद्दा भलेभले विसरतात.

मिंटवर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन नुव्हो (एनव्हीडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर) निवडलं की बहुतेक काम होतं. उबुंटू-डेबियनवर टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी पर्ज’ आणि पुढे एकेरी अवतरणात ‘*एनव्हीडिया*’, दोन्ही बाजूंना तारांकन. अवतरणचिन्हं गाळू नका, नाहीतर शेल त्या ताऱ्यांचा स्वतःचा अर्थ लावतं. होकार देण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’, ‘सिनॅमन’ किंवा ‘जीडीएम३’ (डेस्कटॉपची आणि लॉगिनची पॅकेजं) दिसलं तर थांबा आणि पॅकेजं नाव घेऊन एकेक काढा. ज्यांनी कधीकाळी एनव्हीडियाच्या साइटवरची ‘डॉट रन’ फाइल चालवून ड्रायव्हर बसवला होता, त्यांचा ड्रायव्हर पॅकेज मॅनेजरला दिसतच नाही. त्यांनी ‘सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल’ चालवायचं. फेडोरावर ‘डीएनएफ रिमूव्ह’ने एकेएमओडीसकट (फेडोरावर आपोआप बांधल्या जाणाऱ्या मॉड्यूलसकट) सगळं काढा, आणि आर्चवर पॅकेज काढल्यानंतर ‘एमकेइनिटसीपीआयओ डॉट कॉन्फ’मधल्या मॉड्यूल्सच्या कंसातली एनव्हीडियाची चार नावंही पुसा. ती राहिली तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा छोटा संच) बांधताना ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असा त्रागा होतो.

मग हाताने बघायच्या जागा. ‘ईटीसी/एक्स११’ फोल्डरात ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ आहे का? नवीन सिस्टीममध्ये ही फाइल मुळात नसते. ती असेल तर बहुधा ‘एनव्हीडिया-एक्सकॉन्फिग’ने किंवा एनव्हीडिया सेटिंग्जमधल्या ‘सेव्ह’ बटणाने लिहिलेली असते, आणि काळ्या स्क्रीनच्या गुन्ह्यात सर्वांत मोठी आरोपी हीच. तिच्यात ‘ड्रायव्हर: एनव्हीडिया’ असं ठणकावून लिहिलेलं असतं, कधी ‘बसआयडी: पीसीआय १:०:०’ असंही. एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा भाग) ते प्रमाण मानतो, ड्रायव्हर सापडत नाही, आणि ‘नो स्क्रीन्स फाउंड’ म्हणून बसून राहतो. फाइल खोडू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. ‘ड्रायव्हर’ची ओळ सुधारून तीच वापरू म्हणाल तर बसआयडी आडवा येतो. नावीच्या कार्डांत स्वतःचा पीसीआय स्विच असतो, त्यामुळे जुनं कार्ड ०१:००.० या पत्त्यावर होतं तिथे आता स्विचचं तोंड येतं आणि चिप साधारणपणे ०३:००.० वर दिसते.

‘यूएसआर/शेअर/एक्स११’खालच्या ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’मधली एनव्हीडियाची छोटी फाइल मात्र निरुपद्रवी असते. तो ड्रायव्हर चालू असेल तरच ती लागू होते. बूट होताना लाल अक्षरांत ‘एनव्हीडिया परसिस्टन्स डेमन सुरू झाला नाही’ असं येतं, तेही निरुपद्रवी. लोक हे नाव बघून घाबरतात आणि खरा दोष दुसरीकडेच राहतो.

दुसरी जागा ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’, म्हणजे बूटच्या मेनूची सेटिंग. कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (स्क्रीनचा मोड कर्नलने ठरवू नये असा आदेश) असेल तर काढा. उबुंटू ‘सेफ ग्राफिक्स’ निवडून बसवलं असेल तर तो शब्द बऱ्याचदा कायमचा राहून जातो. एनव्हीडियाच्या बंद ड्रायव्हरला त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एएमडीजीपीयू मात्र ‘नोमोडसेट’ दिसलं की चालूच होत नाही. मग ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ आणि ‘ड्राकट --फोर्स’ करतात.

तिसरी जागा ‘ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ आणि तुमच्या होममधल्या प्रोफाइल फाइली. वेलँड (एक्सचा नवा पर्याय) नीट चालावं म्हणून कुठूनतरी उचललेल्या ‘जीबीएम बॅकएंड’, ‘जीएलएक्स व्हेंडर लायब्ररी नेम’, ‘लिबव्हीए ड्रायव्हर नेम’ अशा ओळी तिथे असतात, आणि प्रत्येकीसमोर एनव्हीडिया लिहिलेलं असतं. यातली पहिली राहिली तरी वेलँडचं सेशन उभं राहत नाही. तिन्ही काढा.

आता रीस्टार्ट करा, जुनं कार्ड तसंच ठेवून. डेस्कटॉप नुव्होवर आला पाहिजे. हळू चालेल, पंखा विचित्र वागेल, हरकत नाही. डेस्कटॉप आला याचा अर्थ मेसा ठीक आहे, एक्स किंवा वेलँड ठीक आहे आणि जुनी बंधनं सुटली आहेत. नाही आला तर ‘ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये नुव्होला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल राहिली आहे का बघा. ही एक पायरी केली की पुढे काही बिघडलं तर दोष कार्डात, वायरीत किंवा फर्मवेअरमध्येच शोधायचा असतो.

शेवटी ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ टाकून ठेवा, म्हणजे स्क्रीन काळी असली तरी दुसऱ्या लॅपटॉपवरून आत जाता येतं. त्यात एक मेख आहे. वर म्हटलेल्या स्विचमुळे पीसीआयचे क्रमांक सरकतात आणि त्यांच्यासोबत नेटवर्क कार्डाचं नावही बदलू शकतं; काल ‘ईएनपी३एस०’ होतं ते आज ‘ईएनपी५एस०’. डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर आपोआप सावरून घेतो. पण नेटप्लॅनमध्ये किंवा ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये त्या नावाने स्थिर पत्ता दिला असेल तर ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर इंटरनेटच जातं, आणि दोन गोष्टींचा संबंध कुणाला लागत नाही.

स्क्रीन नेमकी कुठे काळी पडते?

कार्ड बसलं, ८ पिनची वायर खट्ट आवाज होईपर्यंत गेली, केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये न घालता कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे. तरी स्क्रीन काळी. ‘काहीच दिसत नाही’ एवढ्यावर कुणालाही उपाय सांगता येत नाही. ती कोणत्या टप्प्यावर काळी पडते ते बघा.

मदरबोर्डचा लोगोसुद्धा दिसत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही. वीज, स्लॉट, केबल, मॉनिटरचा इनपुट, याच क्रमाने तपासा. पंखे फिरत नाहीत म्हणून कार्ड मेलं असं समजू नका. बहुतेक मॉडेल्समध्ये कार्ड थंड असेपर्यंत पंखे बंदच राहतात. बोर्ड यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) आधीच्या काळातला असेल तर लोगो दिसेलच याची हमी नाही. यूईएफआय बोर्डावर सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करून बघता येतं, पण आधी ‘सिस/फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ आहे का ते जुन्या कार्डावर पाहून घ्या. नसेल तर तुमचं लिनक्स जुन्या पद्धतीने बसवलेलं आहे, आणि सीएसएम बंद केलं की बूटच होणार नाही. रीसायझेबल बारच्या (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम खुली करणाऱ्या सोयीच्या) मोहात पडून लोक हीच चूक करतात.

लोगो दिसतो, ग्रब दिसतो, आणि मग काळोख. हा कर्नल-फर्मवेअरचा टप्पा. ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तात्पुरतं ‘नोमोडसेट’ लिहून एफ१० दाबा. स्क्रीन आली की ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने आधीच्या, फसलेल्या बूटचा कर्नल लॉग काढा आणि त्यात ‘एएमडीजीपीयू’ शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... डिमग्रे केव्हफिश... फेल्ड विथ एरर -२’ असं दिसलं तर फाइल डिस्कवर किंवा इनिटरॅमएफएसमध्ये नाही. फर्मवेअर पॅकेज टाका, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. आर्चवर जून २०२५ मध्ये फर्मवेअरचं पॅकेज कंपनीवार तुकड्यांत विभागलं गेलं. ज्यांनी जागा वाचवायला फक्त एनव्हीडियाचा तुकडा ठेवला होता, त्यांना हा एरर हमखास. लॉगमध्ये कार्डाचं नावच नसेल तर कर्नल जुना आहे. काम झाल्यावर ‘नोमोडसेट’ काढायला विसरू नका.

एन्क्रिप्टेड डिस्कवाल्यांना एक आडवळणाची सूचना: काळ्या स्क्रीनमागे पासवर्डचा प्रश्न वाट बघत बसलेला असू शकतो. कीबोर्डवर पासवर्ड टाकून एंटर मारा. डिस्कचा दिवा लुकलुकला तर मशीन ठणठणीत आहे, फक्त ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये आलेला नाही.

तिसरा टप्पा: बूटच्या ओळी पळतात, पण लॉगिनची खिडकी येत नाही, किंवा पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनवरच आणून सोडतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा. हा टप्पा जवळजवळ नेहमी वर सांगितलेल्या ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’चा किंवा एन्व्हायर्नमेंट ओळींचा असतो. ‘व्हार/लॉग’मधल्या ‘एक्सऑर्ग.०.लॉग’मध्ये ‘ईई’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. उबुंटूच्या ग्नोममध्ये तोच लॉग होममधल्या ‘.लोकल/शेअर/एक्सऑर्ग’ फोल्डरात सापडतो. नव्या युजरने लॉगिन होत असेल तर सिस्टीम ठीक आहे, बिघाड तुमच्या होममध्ये आहे.

चौथा टप्पा सर्वांत फसवा. डेस्कटॉप येतो, पण १०२४×७६८ वर, खिडक्या ओढताना फरफटतात, व्हिडिओ लावला की प्रोसेसर तापतो. सिनॅमन तर हार्डवेअर अॅक्सिलरेशन नसल्याची सूचनाच देतो. ‘मेसा-युटिल्स’ टाकून ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा. रेंडररच्या जागी रेडिऑन आरएक्स ६६०० आणि कंसात रेडिऑनएसआय, नावी२३ असं हवं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ आलं तर चित्र प्रोसेसर काढतोय. ‘एलएसपीसीआय -एनएनके’मध्ये कार्डाच्या (ओळख क्रमांक १००२:७३एफएफ) खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: एएमडीजीपीयू’ ही ओळ नसेल तर दोष बहुधा ‘नोमोडसेट’चाच. ओळ असूनही एलएलव्हीएमपाइप येत असेल तर मेसा जुना किंवा अर्धवट आहे.

रेंडरर बरोबर आणि तरी १०२४×७६८? मग अॅडॅप्टर बघा. जुन्या व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआयमधून चालवणारे काही स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरची ओळख, म्हणजे ईडीआयडी, कार्डापर्यंत पोचवत नाहीत. मॉनिटर कोण हे न कळल्याने कार्ड सुरक्षित रिझोल्यूशन देतं. एक्सरँडरने (रिझोल्यूशन ठरवणाऱ्या कमांडने) जबरदस्ती मोड घालता येतो, पण डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असा बरा, आत चिप असलेला अॅडॅप्टर घेणं हा स्वस्त उपाय आहे. डीव्हीआय मॉनिटरला एचडीएमआयमधून साधा अॅडॅप्टर चालतो, १९२०×१२०० आणि ६० हर्ट्झपर्यंत. ड्युअल लिंकवाल्या जुन्या १४४०पी मॉनिटरला तो पुरत नाही.

डेस्कटॉप आल्यावरच्या किरकोळ गोष्टी

दोन मॉनिटर असतील तर डावा उजवीकडे गेलेला असेल. पोर्टांची नावं बदलल्यामुळे हे होतं. एनव्हीडिया ज्याला ‘डीपी-०’ म्हणत होता त्याला आता एक्सवर ‘डिस्प्लेपोर्ट-०’ आणि वेलँडवर ‘डीपी-१’ म्हणतात. जुनी मांडणी ‘.कॉन्फिग’मधल्या ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’मध्ये असते, सिनॅमनची ‘सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल’मध्ये, केडीईची ‘.लोकल/शेअर/केस्क्रीन’मध्ये. ती बाजूला करून नव्याने मांडा. एक्सरँडरच्या स्क्रिप्ट असतील तर त्यातली नावंही बदला. आवाज गेला असेल तर साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून नावीचा एचडीएमआय निवडा.

स्टीम उघडतं पण गेम सुरू होत नाहीत, ही तक्रार साफसफाईतून येते. ३२ बिट लायब्ररी एनव्हीडियासोबत निघून गेलेल्या असतात. ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स’ आणि ‘लिबजीएल१-मेसा-डीआरआय’ या दोन्हींची आय३८६ आवृत्ती टाका. ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये) एन्कोडर एनव्हीडियाचा एनव्हीएन्क ठरलेला असतो, तो व्हीएएपीआय करा. फेडोराने २०२२पासून एच.२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर काम मेसातून वगळलं आहे. तिथे आरपीएम फ्यूजन या जादा पॅकेजांच्या साठ्यामधलं ‘मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड’ लागतं.

एक्सवर स्क्रीन फाटत असेल तर ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’मध्ये ‘२०-एएमडीजीपीयू.कॉन्फ’ करून डिव्हाइस विभागात ‘टिअरफ्री’ खरं करा. पंखा आणि वीज यांसाठी एलएसीटी हे साधन पुरेसं आहे. एनव्हीडिया सेटिंग्जसारखी अधिकृत खिडकी एएमडीने लिनक्सवर दिलेली नाही, आणि ती उणीव खरी आहे.

उणिवा, आणि कुणी घेऊ नये

सर्वांत मोठी उणीव टीव्हीवाल्यांना जाणवेल. खोक्यावर एचडीएमआय २.१ लिहिलेलं असलं तरी वर सांगितलेल्या डिस्ट्रोंच्या मूळ कर्नलवर ते २.०च्याच वेगाने चालतं, म्हणजे ४के आणि ६० हर्ट्झ. २.१चा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध करायला एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४ मध्ये एएमडीला नकार दिला. यात एएमडीचा दोष नाही, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय! १२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.१ काढणारा अॅक्टिव्ह अॅडॅप्टर घ्यावा लागतो. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर ४के १२० सरळ चालतं.

दुसरी, अधूनमधून ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ म्हणत कार्ड रीसेट होतं आणि उघडी खिडकी-सेशन सगळं जातं. बऱ्याचदा कारण मेसाच्या एखाद्या आवृत्तीत असतं आणि अपडेटने जातं. बायोसमध्ये रॅम एक्सएमपीवर (वाढीव वेगावर) ताणलेली असेल तर ती उतरवून बघावी, दमलेला एसएमपीएसही संशयित धरावा. तिसरी, १४४ हर्ट्झच्या किंवा दोन मॉनिटरांच्या काही जोड्यांवर मेमरीचा क्लॉक रिकाम्या वेळीही वर अडकतो आणि कार्ड कोमट राहतं. रिफ्रेश रेट एक पायरी उतरवला की बहुधा सुटतो.

क्यूडा (कार्डावर गणना करण्याची एनव्हीडियाची सोय) लागणाऱ्यांनी, म्हणजे मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी आणि दाविंची रिझॉल्व्हवर पोट असलेल्यांनी, हे कार्ड घेऊ नये. आरओसीएम या एएमडीच्या तशाच सोयीच्या अधिकृत यादीत हे नाही. ‘एचएसए ओव्हरराइड’चं मूल्य १०.३.० देऊन ते चालवतात लोक, पण ज्यावर कामाची डेडलाइन आहे त्यावर असली कसरत नको. ब्लेंडरला ३.२ आवृत्तीपासून लिनक्सवर एचआयपी (एएमडी कार्डावर रेंडर करण्याची सोय) आहे, तिथे काम भागतं.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेणार असाल तर लाइव्ह लिनक्सची पेनड्राइव्ह घेऊन जा, उबुंटू २४.०४ किंवा मिंट २२ दोन्ही चालतील. दुकानदाराच्या मशीनवर काही न बसवता बूट करून ‘जीएलएक्सइन्फो -बी’ बघा. ‘एलएसपीसीआय’च्या नावावर विसंबू नका, कारण ७३एफएफ हा ओळख क्रमांक ६६००, ६६०० एक्सटी आणि त्यांच्या भावंडांना सामायिक आहे; कोणतं मॉडेल ते रेंडररच्या ओळीत कळतं. चारही पोर्टांत केबल फिरवून प्रत्येक पोर्ट चालतो का पाहा, कारण मेलेला एखादा डिस्प्लेपोर्ट घरी गेल्यावरच सापडतो. पंधरा मिनिटं ‘जीएलमार्क२’ ही ग्राफिक्सची चाचणी चालवा, पंखे फिरू लागतात का आणि घरघरतात का ते ऐका, आणि शेवटी ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘टाइमआउट’ हा शब्द शोधा. सापडला तर कार्ड परत काउंटरवर ठेवा.